पूर्णविराम कामावरून काढताना : चिन्हांशी आणि ओळींशी खेळणारी कविता पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

विरामचिन्हं उडवली, शब्द पानभर विखुरले, की झाली प्रायोगिक कविता, असं नव्याने लिहिणाऱ्या बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. त्या काळातली एक दोनशेपानी वही अजून माळ्यावर आहे. मध्यंतरी खाली काढली आणि गंमत म्हणून चार कवितांमध्ये पेन्सिलीने स्वल्पविराम-पूर्णविराम परत घातले. कवितांना काहीही झालं नाही. म्हणजे मुळात ते काढल्यानेही काही झालं नव्हतं. मी नुसताच निष्काळजी दिसत होतो.

चिन्ह हा पानावरचा नोकर आहे. कुठे श्वास घ्यायचा, कुठे आवाज चढवायचा, कोणता शब्द कोणाला चिकटवायचा, ही त्याची कामं. त्याला कामावरून काढलंत तर ती कामं कुणाच्या अंगावर पडली, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. ओळीच्या टोकावर? मोकळ्या जागेवर? क्रियापदावर? की वाचकावर? खालच्या पायऱ्या चढताना हा एकच प्रश्न हाताशी ठेवा. सोबत वही, पेन्सिल आणि खोडरबर घ्या. मोबाईल नंतर लागेल, आणि तेव्हा तो त्रासही देईल.

आधी थोडं मागे

जुनी हस्तलिखित पोथी पाहिलीत तर शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. अक्षराला अक्षर लागून ओळ पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. खुणा म्हणाल तर एक दंड आणि दोन दंड, म्हणजे । आणि ॥. मोडीत तर लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायचा आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचा. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ओळखायचं. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्हं ही मंडळी १९व्या शतकात छापखान्याबरोबर आणि इंग्रजीच्या वळणाने आली. मराठीत ती रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातही त्यांचा हात होता.

मग पद्य म्हणताना लोक थांबायचे कुठे? वृत्त सांगेल तिथे. त्या थांब्याला यती म्हणतात. मंदाक्रांतेत पहिल्या चार अक्षरांनंतर यती, मग सहांनंतर, मग उरलेल्या सातांनंतर ओळ संपते. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार. थांबा चालीतच असल्याने त्यावर वेगळी खूण करायची गरज नव्हती. २०व्या शतकात कवी अनिलांनी मुक्तछंद रुजवला, वृत्त मोकळं झालं आणि त्याच्याबरोबर यतीही गेला. त्याचं काम ओळीच्या टोकावर आलं. आजची मराठी कविता तिथे उभी आहे, त्यामुळे ओळ कुठे तोडायची हा फक्त दिसण्याचा प्रश्न उरलेला नाही.

गिलोम आपोलिनेर या फ्रेंच कवीने १९१३ साली आलेल्या ‘आल्कूल’ या संग्रहाची मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायचे कागद, वाचताना त्यातली झाडून सगळी विरामचिन्हं काढून टाकली. लय आणि ओळ कापण्याची जागा हीच खरी विरामचिन्हं, असं त्याचं म्हणणं होतं. पॅरिसमध्ये हे धाडस ठरलं. मराठीत तेच करणं म्हणजे आजोळी जाऊन येण्यासारखं आहे. नुसती चिन्हं गेली म्हणून इथे कुणी दचकणार नाही.

पहिली पायरी : एक साधं वाक्य, सगळ्या चिन्हांसकट

कवितेची ओळ घेऊ नका. आज डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी घ्या आणि शाळेतल्यासारखं शुद्ध, नीट लिहा. मी हे घेतो:

आई गिरणीतून दळण घेऊन निघाली. कोपऱ्यावर थांबली, पिशवी खाली ठेवली, हात बदलला आणि पुन्हा निघाली.

यात अलंकार नाही, भावना नाही, आणि तेच बरं आहे. सुरुवातीलाच ‘काळीज’, ‘चांदणं’ वगैरे घेतलंत तर चिन्ह काढल्याने काय बदललं ते कळणारच नाही. ते शब्दच एवढा गोंगाट करतात.

दुसरी पायरी : चिन्हं काढा आणि काय मोडलं ते बघा

आई गिरणीतून दळण घेऊन निघाली कोपऱ्यावर थांबली पिशवी खाली ठेवली हात बदलला आणि पुन्हा निघाली

मोठ्याने वाचा. अडखळलात? बहुधा नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. निघाली, थांबली, ठेवली, बदलला: प्रत्येक क्रियापद स्वतःच दार लावून घेतं. पूर्णविरामाचं काम इथे ते ‘-ली’ आधीच करत होतं, टिंब फक्त हजेरी लावत होतं. इंग्रजीत पूर्णविराम काढला की एका वाक्याचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात जातं, एकच शब्द मागच्या वाक्याचा की पुढच्याचा ते कळेनासं होतं, आणि तिथल्या कवींना तेच हवं असतं. त्यांचं बघून आपण टिंबं काढतो, आणि आपल्याकडे तो घोटाळा होतच नाही. माळ्यावरच्या वहीत माझं हेच चुकलं होतं.

मराठीत वाक्याच्या सीमा खरोखर पुसायच्या असतील तर क्रियापदाला हात घालावा लागतो. ते काढा किंवा जागेवरून हलवा:

आई गिरणीतून दळण घेऊन
कोपऱ्यावर
पिशवी
खाली
हात

आता बघा. ‘पिशवी खाली’ म्हणजे पिशवी जमिनीवर ठेवली. पण ‘खाली’च्या पुढच्याच ओळीत ‘हात’ आहे, आणि ‘खाली हात’ म्हटलं की हिंदी कानावर असलेल्या प्रत्येकाला रिकामे हात ऐकू येतात. पाच किलो पीठ जवळ असलेली बाई क्षणभर रिकाम्या हाताची होते. ‘खाली’ हा शब्द वरच्या ओळीलाही लागतो आणि खालच्यालाही. सगळी चिन्हं असलेल्या वाक्यात हा अर्थ निघणं शक्यच नव्हतं. कामावरून काढलेल्या नोकराचं काम इथे वाचकाने उचललं आहे.

अर्थात क्रियापदं सरसकट काढत सुटलात तर कवितेची किराणा यादी होते. चार-पाच ओळींत एखादं क्रियापद राहू द्या, कवितेला धरायला खुंटी लागते.

तिसरी पायरी : ओळ तोडा, मग शब्द तोडा

ओळ तोडण्याचे नियम फार नाहीत. एखाद्या शब्दापाशी थोडी वाट बघायला लावायची असेल तर त्याच्यानंतर तोडा. वाचकाला घाईने पुढे ढकलायचं असेल तर विशेषणानंतर तोडा, म्हणजे नामासाठी त्याला खाली उतरावंच लागतं. ‘आणि’, ‘की’, ‘तर’ ओळीच्या शेवटी लोंबकळत ठेवलेत तर त्यालाही कारण असू द्या.

खरी मजा शब्द तोडण्यात आहे, आणि इथे एक अमेरिकन कविता जवळून बघायला हवी. ई. ई. कमिंग्ज यांची १९५८ सालच्या संग्रहातली ही कविता चार शब्दांची आहे. ‘एकटेपण’ या अर्थाचा इंग्रजी शब्द (loneliness), आणि त्याच्या पोटात कंसात ‘एक पान गळतं’. सगळं बहुतेक एकेक, दोन-दोन अक्षरांच्या नऊ ओळींत तोडून उभं केलेलं, म्हणजे डोळा पानासारखाच खाली घरंगळत जातो. वर त्या इंग्रजी शब्दातलं पहिलं अक्षर टाइपरायटरवर एक या आकड्यासारखंच दिसतं, आणि शब्दाच्या पोटात ‘एक’ या अर्थाचा शब्दही (one) लपलेला आहे. कंसाने एरवी जादा माहिती बाजूला ठेवायची असते. इथे तो पान आणि एकटेपण यांना एकमेकांत अडकवतो.

याचं मराठीत भाषांतर करायला जाऊ नका, हात पोळतील. त्याऐवजी आपल्या शब्दाच्या पोटात काय आहे ते बघा. ‘एकटेपण’ तोडा:

एकटे
पण

ओळ तुटली आणि प्रत्ययाचं उभयान्वयी अव्यय झालं. एकटे, पण... पुढे काय? आता ‘मीपण’ घ्या. संतकवींनी जो सोडायला सांगितला तो अहंकार. तो तोडला की:

मी
पण

म्हणजे ‘मलाही घ्या की’! अहंकाराच्या पोटातून रांगेत मागे राहिलेलं पोर निघतं. मोठेपण, बालपण, शहाणपण, वेडेपण, सगळ्यांवर हा प्रयोग करून बघा. काही शब्द दगडासारखे बसून राहतात, काही चटकन उघडतात. नव्या माणसासाठी यापेक्षा चांगला व्यायाम मला माहीत नाही, आणि त्याला कमिंग्ज लागत नाही.

(कमिंग्ज स्वतःचं नाव कायम लहान अक्षरांतच लिहायचे ही गोष्ट खूप पसरली आहे. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा मोठी अक्षरं वापरून सही करत. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाहीच, तेव्हा तो खेळ आपल्याला तसाही उपलब्ध नाही.)

तोडताना एक बंधन लक्षात ठेवा. रोमन लिपीत तुकडा म्हणजे एक अक्षर. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार हे अक्षराच्या अंगावर असतात. ‘पान’चे तुकडे ‘पा’ आणि ‘न’ असे दोनच होतात, काना वेगळा काढता येत नाही. काढलात तर संगणक त्याच्या शेजारी एक ठिपक्यांचं वर्तुळ काढून तुमची चूक चव्हाट्यावर मांडतो. जोडाक्षर मात्र पाय मोडून उघडता येतं: ‘रस्ता’ऐवजी ‘रस्‌ता’. अडखळत वाचणारं मूल, बोबडी वळलेला माणूस, दम लागलेला धावणारा, अशांच्या आवाजासाठी हे कामाचं आहे. पानभर केलंत तर वाचकाचेच पाय मोडतील.

चौथी पायरी : मोकळी जागा

देवनागरीत मोकळी जागा रोमनपेक्षा जास्त दिसते, कारण ती शिरोरेघ तोडते. वरचं छप्पर अखंड चाललेलं असतं आणि मध्येच त्याला भगदाड पडतं. दोन शब्दांमध्ये नेहमीपेक्षा चौपट जागा सोडली की वाचकाचा डोळा छपरावरून खाली पडतो. उलट सगळ्या जागा काढून टाकल्या तर पोथीसारखी किंवा मोडीसारखी एक सलग रेघ तयार होते:

लोकलमध्येमाणसालामाणूसचिकटूनउभंअसतं

इथे घुसमट कुणी सांगितली नाही, ती ओळीतच भरली आहे. अशी एकच ओळ पुरे. दुसरी आली की ती युक्ती होते.

मोकळ्या जागेचा मोठा पूर्वज म्हणजे फ्रेंच कवी स्तेफान मालार्मे. फासे टाकण्यावरची त्याची दीर्घ कविता १८९७ साली मासिकात आली. त्यात वेगवेगळ्या आकाराचे टाइप होते, शब्द पायऱ्यांसारखे उतरत होते, आणि पांढरा कागद हाच शांततेचा भाग होता. समोरासमोरची दोन पानं मिळून एक पान धरायचं, ही त्याची मूळ मांडणी पुस्तकात उतरायला १९१४ साल उजाडलं. तोवर तो जाऊन सोळा वर्षं झाली होती. मांडणीवरून छापणाऱ्यांशी झगडणारे तुम्ही पहिले नाही, एवढा दिलासा यातून घ्या.

जागा सोडण्याआधी स्वतःला विचारा: इथे वाचणाऱ्याने किती वेळ थांबायचं? एक श्वास? दाराची कडी वाजून उघडेपर्यंत? उत्तर नसेल तर जागा मिटवा.

पाचवी पायरी : एकच चिन्ह परत आणा

सगळी चिन्हं गेलेल्या कवितेत एखादं चिन्ह परत आलं की ते भोंग्यासारखं ऐकू येतं. आपल्या आईच्या कवितेत दंड आणून बघू:

आई गिरणीतून दळण घेऊन
कोपऱ्यावर ।
पिशवी
खाली
हात

थांबली हे क्रियापद आपण काढलं होतं, ते काम दंडाने केलं. तो दिसतोही थांबलेल्या माणसासारखा. शिवाय दंडाबरोबर आरती, अभंग, श्लोक यांची सावली येते. दळण आणणाऱ्या बाईवर ती पडावी की नाही हे तुम्ही ठरवायचं. मला ती इथे चालते. दोन दंड केले असते तर नैवेद्य दाखवल्यासारखं झालं असतं.

अवग्रह (ऽ) हे दुसरं घरचं चिन्ह. संस्कृतात ते लोपलेल्या ‘अ’च्या जागी येतं, मराठीत आपण ते आवाज लांबवायला वापरतो. ‘भंगाऽऽर’ लिहिलं की हातगाडी गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला जाते. ‘आई’ आणि ‘आऽऽई’ यांच्यामध्ये तीन मजले असतात.

डॅशबद्दल बोलायचं तर अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन यांना टाळता येत नाही. त्यांच्या सुमारे अठराशे कवितांपैकी हयातीत जेमतेम दहाएक छापल्या गेल्या. १८८६ साली त्या वारल्या आणि १८९० साली पहिला संग्रह आला, तो संपादकांनी डॅश काढून, शब्द आणि विरामचिन्हं ‘दुरुस्त’ करून, वर शीर्षकं चिकटवून. ते डॅश आपापल्या जागी परत यायला १९५५ सालची टॉमस जॉन्सन यांची आवृत्ती यावी लागली. दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचले तर दुरुस्त केलेली कविता सुबक वाटते आणि मूळची दम लागलेल्या माणसाने बोलल्यासारखी. डॅश तिथे वाक्य तोडत नाही, पुढचा शब्द उच्चारायची भीती दाखवतो. मराठीत डॅश हे संवादाचं आणि स्पष्टीकरणाचं चिन्ह म्हणून इतकं वापरलं जातं की त्याला असं काम देणं अवघड आहे, पण अशक्य नाही.

आणि टिंबं. टिंबांबद्दल मला जरा तक्रार करू द्या. मराठीतल्या हौशी कवितेचा हा जुना आजार आहे: ‘तू गेलीस.... आणि मी......’ चार टिंबं, सहा टिंबं, कधी ओळभर. कवीला वाटतं की तिथे खूप काही न बोललेलं आहे. वाचकाला फक्त टिंबं दिसतात, मुंग्यांची रांग दिसावी तशी. गाळलेल्या जागी तीन टिंबं हे ठरलेलं चिन्ह आहे, आणि ठरलेलं चिन्ह प्रयोगात सगळ्यात आळशी असतं. महिनाभर टिंबं वर्ज्य करा. जिथे हात शिवशिवेल तिथे ओळ तोडा किंवा वाक्य पूर्ण करून टाका. उद्गारचिन्हांना हेच लागू, पण त्यांचा फैलाव आता कमी झाला आहे.

सहावी पायरी : जुना साचा उचला

वाकडं लिहिणं म्हणजेच प्रयोग असं नाही. मर्ढेकरांनी १९४०च्या दशकात मुंबईचं यंत्रयुग आणि युद्धानंतरची विटलेली माणसं कवितेत आणली, तेव्हा त्यांनी अभंग-ओवीसारखे जुने साचे वापरले. धक्का बसला तो ओळखीच्या चालीत अनोळखी गोष्ट ऐकू आल्याने. आपलं दळण मोठ्या अभंगाच्या सहा-सहा-सहा-चार अक्षरांत, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळवून घालून बघा:

गिरणीची वाट । पिशवीचा भार ।
बोटांवर धार । थांबे आई ॥

आता चिन्हं आहेत, यमक आहे, चाल आहे, आणि तरी हे वरच्या तुटक रूपापेक्षा कमी प्रायोगिक आहे असं मला वाटत नाही. चौथा चरण चारच अक्षरांचा असल्याने थांबणं साच्यातच होतं. दोन्ही रूपं वहीत समोरासमोर लिहा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. माझी निवड रोज बदलते.

सातवी पायरी : आकार, पण जपून

कवितेला वस्तूचा आकार देण्याचा मोह प्रत्येकाला होतो. मोह जुना आहे. १६३३ साली छापलेल्या इंग्रज कवी जॉर्ज हर्बर्ट यांच्या ईस्टरवरच्या कवितेच्या ओळी लहान होत जातात आणि पुन्हा मोठ्या, म्हणजे पंख दिसतात. संस्कृत महाकाव्यांत, भारवीच्या ‘किरातार्जुनीया’च्या १५व्या आणि माघाच्या ‘शिशुपालवधा’च्या १९व्या सर्गात तर चित्रकाव्याची, म्हणजे अक्षरांच्या मांडणीच्या खेळाची, कसरतच आहे. त्यातला सर्वतोभद्र नावाचा श्लोक चौकटीत मांडला की उलटसुलट, उभा-आडवा कसाही तोच वाचता येतो. आपल्या मोरोपंतांनी ‘निरोष्ठ रामायण’ लिहिलं, म्हणजे ओठांना ओठ न लागता म्हणायचं. ‘म’ ओष्ठ्य असल्याने त्या रामायणात राम हे नावच घेता येत नाही! पंतांची हौस दांडगी.

आपोलिनेरच्या पावसावरच्या कवितेत अक्षरं एकाखाली एक अशी तिरप्या धारांनी पडतात. देवनागरीत अक्षरं उभी रचली की प्रत्येकाच्या डोक्यावर शिरोरेघेचा तुकडा राहतो आणि धारेऐवजी शिडी दिसते. मग उलटा विचार करा. आपल्या लिपीला छप्पर आहे, आणि उकार त्या छपराखाली लोंबतात:

टुपुटुपुटुपुटुपु

शिरोरेघ झाली वळचण, उकार झाले पागोळ्या. हा पाऊस रोमन लिपीत पडत नाही.

१९५०च्या दशकात ब्राझीलमधल्या साओ पाउलोचे नॉइगांद्रेस गटातले कवी आणि स्वित्झर्लंडचे ओयगेन गोमरिंगर यांनी ‘मूर्त कविता’ नावाचा पंथच उभा केला. गोमरिंगरांची एक कविता म्हणजे ‘शांतता’ हा एकच शब्द चौदा वेळा, चौकटीत रचलेला, आणि मधोमध पंधराव्याची जागा रिकामी. शांतता तेवढ्या भोकातच आहे.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे अरुण कोलटकरांचं ‘जेजुरी’, १९७६ सालचं, इंग्रजीतलं. देऊळ आणि रेल्वे स्टेशन यांच्यामधल्या वाटेवर ज्वारीच्या शेतात डझनभर कोंबडे-कोंबड्या नाचताना दिसतात, आणि तिथे वर-खाली उड्या सांगणारे शब्दच पानावर वर-खाली विखुरलेले आहेत. कोलटकर जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले ग्राफिक कलाकार होते, हे त्या पानावरून कळतं. पण बाकी पुस्तकभर ते असला खेळ जवळजवळ करत नाहीत, म्हणून त्या कोंबड्या लक्षात राहतात. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ १९८३ साली भिंतीवर लावायचं पोस्टर म्हणून निघाली. ‘आकार’ म्हणजे कागदाचा आकारही, हे त्यावरून लक्षात घ्या.

तुमच्या पहिल्या पाच कवितांत झाड, हृदय, पतंग यांचे आकार काढू नका, एवढंच सांगतो. झाडावरची कविता झाडासारखी दिसली तर वाचकाला तीच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी होते.

आठवी पायरी : मोठ्याने वाचा

कविसंमेलनात पान कुणाला दिसत नाही. तिथे मोकळी जागा म्हणजे तुमची छाती. मित्राला समोर बसवा, कविता वाचा, आणि त्याला ऐकून ती ओळी तोडत लिहून काढायला सांगा. त्याने जिथे ओळ तोडली आणि तुम्ही जिथे तोडली होती, त्या जागा ताडून बघा. निम्म्याहून जास्त जुळल्या तर मांडणी आवाजात उतरली आहे. जी ओळ कधीच जुळत नाही ती फक्त डोळ्यांसाठी आहे. असली तरी हरकत नाही, पण ते तुम्हाला माहीत हवं.

नववी पायरी : छापायला देताना

१९५०-६०च्या दशकांत ‘शब्द’सारखी अनियतकालिकं, म्हणजे ठरलेल्या वेळेची बांधिलकी नसलेली छोटी वाङ्मयीन प्रकाशनं, सायक्लोस्टाइलवर निघायची. कवीने टाइप केलेली स्टेन्सिल तशीच कागदावर उमटायची, जागा सोडली तर सोडली. आता मधे फार यंत्रं आहेत.

दंड टाइप करताना कीबोर्डवरची उभी रेघ वापरू नका. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या ठरलेल्या यादीत, दंडाला स्वतःची जागा आहे, तो मराठी कीबोर्डच्या चिन्हांच्या पानावर सापडतो. अवग्रहाच्या जागी इंग्रजी एस टाइप करणारेही खूप आहेत. फॉन्ट बदलला की तो एस उघडा पडतो. पाय मोडून अक्षर वेगळं ठेवायचं तर हलन्तानंतर (पाय मोडल्याच्या खुणेनंतर) ‘झिरो विड्थ नॉन-जॉइनर’ हे न दिसणारं चिन्ह द्यावं लागतं, नाहीतर संगणक जोडाक्षर करून टाकतो.

वेबपानावर एकापुढे एक दिलेल्या दहा स्पेस दाखवताना एकच होतात. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे स्पेस मोजून जुळवलेली मांडणी दुसऱ्या फॉन्टमध्ये ढासळते. मोबाईलवर लांब ओळ मनाला येईल तिथे तुटते आणि वाचकाला वाटतं कवीनेच तोडली. म्हणून मांडणीची कविता मित्रांना पाठवताना चित्र करून पाठवा. संपादकाकडे दोन गोष्टी द्या: टाइप केलेला मजकूर आणि कविता कशी दिसायला हवी त्याची पीडीएफ. वर एक ओळ लिहा: ‘चिन्हं आणि मोकळ्या जागा मुद्दाम आहेत.’ आणि मुद्रितं मागवा. नक्की मागवा.

मी नव्हती मागवली. एका दिवाळी अंकात माझी कविता आली, त्यात दोन शब्दांमध्ये मी बोटभर जागा सोडली होती. अंक हातात आला तेव्हा जागा मिटलेली आणि शेवटी एक टपोरा पूर्णविराम. पुढच्या वर्षी त्याच अंकाला दुसरी कविता दिली, वर सूचनेची ओळ लिहून. आठवड्याने अक्षरजुळणी करणाऱ्यांचा फोन आला. मागे प्रिंटरची खडखड ऐकू येत होती.

“सर, तिसऱ्या ओळीत मधे एवढी जागा आहे. तिथं काही यायचं राहिलंय का?”

“हो,” मी म्हणालो. “राहू द्या.”